बंद खिडकीतून येतं तरी कोण?

मुलांनो, एक कोडं घालते. खिडकी बंद आहे. कडी घट्ट लावलेली आहे. काचेला तडा नाही, भोक नाही. तरीही पडदा हलतोय. कोण हलवतंय त्याला?

हे कोडं मला माझ्या लेकीने घातलं, जानेवारीतल्या एका रात्री, जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये. श्टुटगार्ट म्हणजे आपल्या मुंबईचं जुळं शहर. १९६८ पासून या दोन शहरांची दोस्ती आहे. आम्ही तिथे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. झोपायच्या खोलीची खिडकी जुनी, लाकडी आणि एकेरी काचेची. अशा खिडक्या तिथे आता कमीच उरल्या आहेत, पण आमच्या वाट्याला एक आली.

त्या रात्री बाहेर पारा शून्याला टेकला होता. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडहून माझी आई आली होती. निफाडच्या माणसाला थंडी काय ते शिकवावं लागत नाही. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा किती उतरला, ते सगळा जिल्हा सकाळी पेपरात वाचतो. कडाका पडला की द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात. पण त्या रात्री आईही अंथरुणात उठून बसली.

"अगं, खिडकी लावलीय ना नीट?"

"लावलीय, आई."

"मग माझ्या मानेवर कोण फुंकर घालतंय?"

लेक म्हणाली, "आजी, एस त्सीट!"

जर्मन माणसं असंच म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ "ओढतंय!" फटीतून येणाऱ्या वाऱ्याला त्यांचा शब्द आहे 'त्सुगलुफ्ट', म्हणजे ओढीची हवा. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात अर्धं विज्ञान आधीच सांगून टाकलंय. कोण कोणाला ओढतं, ते बघूया.

उदबत्तीची साक्ष

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तपासाला लागलो. वारा पडलेला होता. हीटर तासभर आधीच बंद केला होता, कारण चालू हीटरवरून गरम हवा वर उसळते आणि धूर भलतीकडेच नेते. पडदा काढून ठेवला. आजीने देवापुढची उदबत्ती उचलली आणि खिडकीच्या खालच्या फटीजवळ धरली.

धूर आतापर्यंत सरळ वर जात होता. फटीजवळ येताच तो आडवा झाला आणि खोलीच्या आत पळाला.

"हा बघ, इथून येतोय चोर," आजी म्हणाली.

मग तिने हात वर नेला आणि खिडकीच्या वरच्या फटीपाशी उदबत्ती धरली. आम्हाला वाटलं, इथेही धूर आत येईल. पण तो फटीकडे वळला, बारीक धाग्यासारखा झाला आणि बाहेर निघून गेला!

खालून आत, वरून बाहेर. एकाच खिडकीत दोन रस्ते. असं का?

कारण हवेला वजन असतं. आमची खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच आहे. म्हणजे ३६ घनमीटर. तिच्यातल्या हवेचं वजन किती असेल? सुमारे ४३ किलो! चौथीतल्या मुलापेक्षाही जास्त. रोज आपण एवढ्या हवेत हिंडतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता पुढची गंमत. २० अंशांच्या उबदार खोलीतली एक घनमीटर हवा साधारण १ किलो २०० ग्रॅम भरते. बाहेरची शून्य अंशाची तेवढीच हवा भरते १ किलो २९० ग्रॅम. थंड हवा आक्रसून दाट होते, म्हणून जड. फरक ९० ग्रॅमचा, दोन लिंबांएवढा. पण तेवढ्याने काम होतं. आतली हलकी हवा वर चढते आणि वरच्या फटीतून निसटते. ती गेली की तिची जागा घ्यायला बाहेरची जड हवा खालच्या फटीतून आत खेचली जाते. म्हणून 'ओढतंय'. बाहेर वारा सुटला तर तो ढकलतोही, पण वारा नसतानाही ही ओढ चालूच राहते.

पत्त्याएवढं भोक

"पण फट तर दिसतही नाही!" लेक म्हणाली.

खरंय. मग आम्ही हिशेब केला. खिडकी १२० सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर उंच. चारही बाजू मिळून ५४० सेंटिमीटर. कडेने फक्त १ मिलिमीटरची फट धरा. ५४० गुणिले ०.१, म्हणजे ५४ चौरस सेंटिमीटर.

५४ चौरस सेंटिमीटर म्हणजे केवढं? खेळायचा पत्ता हातात घ्या, अगदी तेवढं! आमच्या 'बंद' खिडकीत निदान बदामच्या राणीएवढं एक भोक होतं. ते चारही बाजूंना पसरलेलं होतं, म्हणून नजरेला दिसत नव्हतं इतकंच. भिंतीत तेवढं भोक असतं, तर आपण धावत जाऊन बोळा कोंबला असता ना?

कणकेचा गोळा

फटी बुजवायच्या, हे ठरलं. पण घर भाड्याचं. पुण्यात काय नि श्टुटगार्टमध्ये काय, भाडेकरूचा नियम एकच: जे लावाल ते घर सोडताना काढता आलं पाहिजे. चौकटीला खिळे ठोकायचे नाहीत, फटीत कायमचा लेप भरायचा नाही. नाहीतर डिपॉझिट परत मिळताना पंचाईत. म्हणून घरमालकांना आधी फोन केला. सोलून काढता येणारी पट्टी लावायला ते लगेच हो म्हणाले.

दुकानात फोमच्या आणि रबराच्या चिकटपट्ट्यांची भेंडोळी मिळतात. एका बाजूला गोंद असतो, त्यावरचा कागद सोलायचा आणि चौकटीवर चिकटवायची. खिडकी लावली की पट्टी मध्ये दबते आणि फट बंद होते. मी पहिल्यांदा घाईने एक जाड पट्टी आणली. ती लावली, तर खिडकीची कडीच बसेना. जोर लावला असता तर बिजागरी वाकली असती. पट्टी जाड हवी की बारीक, ते फट मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मिलिमीटरची फट मोजायची कशी? मोजपट्टीचं टोक तर आत जातच नाही.

आजी तेव्हा पोळ्यांची कणीक मळत होती. तिने एक लिंबाएवढा गोळा तोडला, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला म्हणजे लाकडाला चिकटायचा नाही, आणि चौकटीवर ठेवून खिडकी लावली. कडी घातली, परत उघडली. गोळ्याची चपटी चकती झाली होती. लेकीने ती हलकेच उचलून मोजली. वरच्या बाजूला २ मिलिमीटर, बिजागरीकडे ३, खालच्या कोपऱ्यात जवळजवळ ५! जुनं लाकूड वाकतं, म्हणून फट सगळीकडे सारखी नसते. कणकेने ते बरोबर सांगितलं.

मग दुकानातल्या पट्ट्यांच्या नावांचा उलगडाही झाला. रबराच्या पट्ट्यांना तिथे इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, कारण पट्टी आडवी कापली तर तिचा आकार तसा दिसतो. बारीक फटीला 'ई', मधल्या फटीला 'पी' आणि मोठ्या फटीला 'डी'. पी आणि डीच्या पोटात पोकळी असते. ती दबते, आणि खिडकी उघडली की परत फुगते.

आम्ही चौकट ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली आणि तिन्ही अक्षरं आपापल्या जागी चिकटवली. मग कागदाची परीक्षा घेतली. कागदाची पट्टी खिडकीत धरून खिडकी लावायची आणि कागद ओढायचा. सहज सुटला तर पट्टी नीट दबलेली नाही. घट्ट धरून बसला तर पास. आमचा कागद फाटला, पण सुटला नाही!

दुसरा चोर

रात्री उदबत्ती पुन्हा फटींपाशी फिरली. धूर सरळ. आम्ही टाळ्या वाजवल्या. पडदा लावला, झोपलो. आणि थोड्या वेळाने आजीचा आवाज आला, "अगं, अजूनही गार लागतंय गं."

लेक टॉर्च घेऊन उठली. पडद्याची खालची कड खरंच हळूहळू हलत होती. आता कोण?

आम्ही उदबत्ती काचेच्या अगदी जवळ धरली, फटीपासून लांब. धूर काचेला लागला आणि खाली वाहू लागला. धूर वर जातो म्हणतात ना? इथे तो ओढ्यासारखा काचेवरून खाली उतरत होता!

ही हवा बाहेरून आलेली नव्हती. ती खोलीतलीच होती. काच थंडगार होती. तिला टेकलेली हवा गार होत होती, जड होत होती, काचेवरून घसरून खाली पडत होती आणि जमिनीवरून थेट आमच्या गादीकडे येत होती. खोलीतल्या खोलीत हवेचा धबधबा! घरं बांधणारी जर्मन माणसं हीटर अनेकदा खिडकीच्या खालीच बसवतात, ते यासाठीच. वरून पडणाऱ्या गार हवेला खाली गरम हवा भेटते.

काच उष्णता फार लवकर बाहेर सोडते. आत २० अंश, बाहेर शून्य आणि एकेरी काच असेल, तर एक चौरस मीटर खिडकीतून सतत सुमारे ११० वॉट उष्णता निघून जाते. पूर्वी घरोघरी १०० वॉटचे पिवळे बल्ब असायचे. तसा एक बल्ब रात्रभर बाहेरच्या अंधाराला ऊब देत बसलाय, असं समजा.

गोधडीचं गुपित

"काचेला गोधडी शिवायची का?" लेकीने विचारलं.

आजी निफाडहून एक गोधडी घेऊन आली होती. तिच्या दोन जुन्या नऊवारी, मध्ये धोतराचे तुकडे आणि वरून धावदोऱ्याचे बारीक टाके. सुती कापडच ते. मग एवढं पातळ कापड थंडीत कसं पुरतं?

या प्रश्नाच्या मागे एक माणूस श्टुटगार्टहून दोन-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या म्युनिकमध्ये लागला होता. बेंजामिन थॉम्पसन त्याचं नाव. अमेरिकेत जन्मला, म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या राजवटीत मोठा अधिकारी झाला आणि पुढे काउंट रमफर्ड म्हणून ओळखला गेला. सैनिकांना उबदार कपडे कशाचे द्यावेत, हे त्याला शोधायचं होतं. त्याने तापमापकाभोवती लोकर, कापूस, रेशीम, पिसं, सशाचे केस असं एकेक गुंडाळलं, ते उकळत्या पाण्यात तापवलं, मग बर्फात ठेवलं आणि गार व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. गंमत अशी, की रेशीम तेच, पण मोकळं पिंजलेलं असलं तर जास्त वेळ उबदार राहायचं, आणि पीळ देऊन घट्ट केलेलं असलं तर लवकर गार व्हायचं. म्हणजे ऊब नुसत्या रेशमात नव्हती. धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत होती! उष्णतेवरच्या या कामासाठी १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं.

हवा उष्णता पुढे पोचवण्यात फार आळशी आहे. काचेशी तुलना केली तर सुमारे ४० पट आळशी! पण एक अट आहे. ती जागच्या जागी थांबली पाहिजे. हलली, वाहू लागली, की स्वतःबरोबर उष्णता उचलून नेते. गोधडीचे टाके तेच तर करतात. थरांमधल्या हवेला ते छोट्या छोट्या खणांत बसवून ठेवतात. थंडीत चिमणी पिसं फुलवून गोल चेंडू होते, तेही हवा धरून ठेवायलाच.

म्हणजे आमच्या खिडकीला काय हवं होतं? हवेची एक गोधडी.

खिडकीची पारदर्शक गोधडी

तिथे दुकानात खिडकीला लावायचं पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक मिळतं. आम्ही खिडकीच्या झडपेच्या लाकडावर चारही बाजूंनी दुहेरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर हे प्लॅस्टिक ताणून चिकटवलं. काचेवर नाही हं, लाकडावर. म्हणजे काच आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये बोटभर हवा अडकली. प्लॅस्टिक झडपेवरच होतं, त्यामुळे खिडकी पहिल्यासारखी उघडत होती.

सुरुवातीला ते सुरकुतलेलं, चुरगळलेलं दिसत होतं. मग मी हेअर ड्रायर लावला. गरम हवा फिरली आणि सुरकुत्या डोळ्यांदेखत पळाल्या! प्लॅस्टिक नगाऱ्याच्या कातड्यासारखं टणक झालं. लेकीने टिचकी मारली, तर 'टण्' वाजलं.

ही जादू नाही. हे प्लॅस्टिक लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं असतं. कारखान्यात ते गरम असताना ताणतात आणि ताणलेलंच गार करतात. साखळ्या ताठ अवस्थेत अडकून पडतात. आपण परत ऊब दिली, की त्या सैल होतात, वेटोळं करून बसतात आणि प्लॅस्टिक आक्रसतं.

मग लेकीने एक हात दुसऱ्या खोलीतल्या उघड्या काचेवर ठेवला, आणि धावत येऊन तोच हात आमच्या प्लॅस्टिकवर. "आजी, ही खिडकी गार नाहीये!" एका थराने काचेतून जाणारी उष्णता जवळपास निम्मी होते.

युरोपात हे जुन्या काळापासून माहीत होतं. तिथल्या जुन्या घरांत एका खिडकीच्या मागे दुसरी खिडकी असते आणि मध्ये वीतभर मोकळी जागा. आता एकाच चौकटीत दोन किंवा तीन काचा बसवतात आणि मध्ये बऱ्याचदा आर्गॉन वायू भरतात. आर्गॉन हवेपेक्षाही आळशी! एकेरी काचांच्या दिवसांत कडाक्याच्या रात्री काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी उमटायची. तिला जर्मन भाषेत 'आइसब्लूमन' म्हणतात, म्हणजे बर्फफुलं. काचा उबदार झाल्या आणि घरातून ती फुलं जवळजवळ नाहीशी झाली.

शटरची पेटी आणि लांबुडका कुत्रा

आता राहिलं शटर. दुकानाला लोखंडी शटर असतं ना, तसंच तिथे घरांच्या खिडक्यांना बाहेरून प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांचं शटर असतं. आतून एक कापडी पट्टा ओढला की ते वरच्या पेटीत गुंडाळलं जातं. रात्री ते खाली सोडलं, की काच आणि शटर यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर तयार होतो. गोधडीवर गोधडी!

पण पेटीला बाहेरून मोकळी चीर असते, आणि पट्टा आत येतो तिथेही एक चीर. आमची उदबत्ती तिथे चांगलीच गडबडली. पट्ट्याच्या चिरेवर आम्ही दात घासायच्या ब्रशासारख्या केसांची छोटी पट्टी बसवली. पट्टा सरकतो, पण वारा अडतो. पेटी उघडणं मात्र आम्ही स्वतः केलं नाही. तिच्या आत फोमची चटई घरमालकांनीच बसवून दिली.

आणि दाराखालची फट? तिथे आजीने जुन्या साडीची लांब पिशवी शिवली आणि आत कापडाच्या चिंध्या ठासून भरल्या. जर्मनीत अशा उशीला आखूड पायांच्या, लांबुडक्या डाकेल जातीच्या कुत्र्याचं रूप देतात. आजीने तिला दोन बटणांचे डोळे लावले. आमचा नऊवारीतला कुत्रा अजूनही दाराशी झोपतो.

मग खिडकी उघडायची कशाला?

चार दिवसांनी लेकीने खिडकीकडे बोट दाखवलं. खालच्या कोपऱ्यात पाण्याचे थेंब जमले होते. मी लगेच खिडकी सताड उघडली.

आजी म्हणाली, "अगं बाई! एवढी मेहनत करून फटी बुजवल्या, आणि आता अख्खी खिडकी उघडतेस?"

हो, उघडायचीच. आपण श्वास सोडतो, भात शिजवतो, आंघोळ करतो, कपडे वाळवतो. सगळ्याची वाफ घरातच राहते. २० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ सामावून घेते, शून्य अंशाची फक्त ५ ग्रॅम. थंड कोपऱ्याला हवा टेकली की जास्तीचं पाणी तिथेच सांडतं, आणि तिथे काळी बुरशी धरते. म्हणून तिथली माणसं दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडतात, पाच-दहा मिनिटंच, आणि लावून टाकतात.

एवढ्यात घर गारठत नाही का? हवा गारठते, पण भिंती, कपाटं, गाद्या उबदारच राहतात. आमच्या खोलीतली सगळी हवा शून्यावरून २० अंशांपर्यंत तापवायला साधारण अडीच लिटर पाण्याला उकळी आणण्याएवढी उष्णता लागते. एकदा लागली तर चालेल. फट मात्र रात्रंदिवस, न विचारता, हा खर्च करत राहते. कधी उघडायचं ते आपण ठरवायचं, फटीने नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरात गॅस गीझर असेल, तर त्याच्या जवळची हवेची जाळी कधीही बुजवायची नाही. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत तर कधीच झोपायचं नाही. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो.

तुमच्या घरी करून बघा

तुमचं घर नाशिकला असो, नागपूरला असो की मुंबईत, हवेचे नियम तेच. थंडीत फटीतून गारवा आत येतो, आणि उन्हाळ्यात त्याच फटींतून एसीचा गारवा बाहेर जातो.

दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. मोठ्यांच्या मदतीने दोन्हींत सारखंच कोमट पाणी भरा. एका पेल्याभोवती वर्तमानपत्राचं एक पान घट्ट घड्या घालून गुंडाळा. दुसऱ्याभोवती तेवढंच पान चुरगळून, भुसभुशीत करून बांधा. दोन्हींवर झाकण ठेवा. वीस मिनिटांनी बोट बुडवून बघा. कागद तेवढाच होता, तरी कोणत्या पेल्यातलं पाणी जास्त कोमट राहिलं? रमफर्डला रेशमाने जे सांगितलं, ते तुम्हाला वर्तमानपत्र सांगेल.

नंतर आईबाबांना सोबत घेऊन, पडदे बाजूला करून, उदबत्ती खिडकीभोवती फिरवा आणि धूर कुठे वळतो त्याचा नकाशा काढा.

आजी निफाडला परत जायच्या आदल्या रात्री आम्ही शेवटची उदबत्ती लावली. फटींपाशी धरली, काचेपाशी धरली, शटरच्या पट्ट्यापाशी धरली. प्रत्येक ठिकाणी धूर काठीसारखा सरळ वर गेला. लेकीने दिवा बंद केला, आजीच्या गोधडीत शिरली आणि झोपेतच पुटपुटली, "एस त्सीट नीश्ट, आजी." ओढत नाहीये.

आजीला जर्मन येत नाही. पण तिला ते कळलं, कारण तिनेही तेव्हाच कानावरचा पदर खाली घेतला होता.